पहिल्यांदा पेंटबॉल : घरचे १७ जण, वय १३ ते ६१. जागा कशी पारखायची?

सायलीची वही

नमस्कार. जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी-रविवारी आम्ही सगळी चुलत-मावस भावंडं पवना धरणाजवळ बंगला घेऊन राहणार आहोत. मोजून १७ माणसं. सगळ्यांत लहान माझी भाची मनवा, १३ वर्षांची, आणि सगळ्यांत मोठे सुहासमामा, ६१. मागच्या वर्षी जमलो तेव्हा मुलं मोबाइलमध्ये, पुरुषमंडळी रमीच्या डावात आणि आम्ही बायका ओट्यापाशी, असे दोन दिवस गेले. निघताना मामा म्हणाले, "भेटलो खरे, पण खेळलो नाही गं." आजोळी मे महिन्यात ते आमच्याबरोबर डबा ऐसपैस खेळायचे ते मला लख्ख आठवतं. म्हणून यंदा निदान दोन तास सगळ्यांनी मैदानात उतरायचंच, असं मी ठरवलंय. आतेभावाने पेंटबॉल सुचवलं, म्हणजे दोन संघांनी रंग भरलेल्या गोळ्या गनने एकमेकांवर मारायच्या, लागली तो बाद. आमच्यापैकी कोणीच कधी खेळलेलं नाही.

शंका अशा : गोळी किती लागते? मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ऑक्टोबरमध्ये झालंय, त्यांना चालेल का? माझी मोठी वहिनी जैन आहे, त्या गोळ्यांत काय असतं ते तिला आधी सांगायचंय. आणि फोन केला तिथे "माणशी ३० गोळ्या" असं पॅकेज सांगितलं, ते पुरतं का? जागांची नावं नकोत, जागा कशी पारखायची ते सांगा.

मुक्ता, पौड रोड

गेल्या फेब्रुवारीत आम्ही ऑफिसचे १२ जण गेलो होतो, म्हणून दोन गोष्टी लगेच सांगते. ३० गोळ्या पुरत नाहीत. पहिल्यांदा गन हातात आली की माणूस घाबरून ट्रिगर दाबतच राहतो. माझ्या ३० गोळ्या पाच मिनिटांत संपल्या आणि उरलेला डाव मी आडोशाच्या पिंपामागे बसून काढला. जास्तीच्या गोळ्या तिथेच घ्याव्या लागतात आणि त्यांचा दर चढा होता. तो आधी विचारून ठेव.

दुसरं कपड्यांचं. मी अर्ध्या बाहीच्या टी-शर्टवर होते. दंडावर एक गोळी बसली, आठ दिवस काळंनिळं होतं. वरून घालायला देतात तो डगला पातळ असतो. आत पूर्ण बाहीचा जाड सुती शर्ट, खाली ट्रॅकपँट आणि गळ्याभोवती घट्ट बांधलेला सुती रुमाल. ओढणी नको, अडकते. पायात बूटच हवेत, रंग सांडलेली जमीन फार निसरडी होते.

एवढं सगळं होऊनही मी परत जाईन. आमच्या अकाउंट्समधल्या एक काकू वर्षभरात माझ्याशी दोन वाक्यंसुद्धा बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी त्या "मुक्ता, डावीकडून येतोय!" असं जिवाच्या आकांताने ओरडल्या. तेव्हापासून दुपारचा डबा आम्ही एकत्र खातो.

दिनकर, मावळ

सायलीताई, मी कामशेतच्या बाजूला एका मैदानावर पाच हंगाम मार्शल होतो. डाव चालू असताना मैदानात उभं राहून कोण बाद झालं ते सांगायचं आणि एकूण एक मास्क तोंडावर आहे ना ते बघायचं, हे मार्शलचं काम. त्यातलं दुसरं काम पहिल्याहून कितीतरी मोठं, म्हणून मास्कपासूनच सुरू करतो.

गोळीचा व्यास ०.६८ इंच, म्हणजे १७ मिलिमीटरच्या जरा वर, आणि वजन ३ ग्रॅमच्या आसपास. सेकंदाला ३०० फुटांहून जास्त वेगाने ती सुटता कामा नये, ही जगभर मानलेली वरची मर्यादा. हौशी ग्रुपसाठी चांगली मैदानं २८० किंवा त्याच्याही खाली ठेवतात. २८० फूट म्हणजे सुद्धा ताशी ३०० किलोमीटर झाले. अंगावर लागली तर टेनिस बॉल क्रिकेटमध्ये जवळून मांडीवर चेंडू बसतो तसं चरचरतं, वळ उठतो, आठ-दहा दिवसांत जातो. उघड्या डोळ्यावर लागली तर डोळा जाऊ शकतो. या खेळातला खरा मोठा धोका हाच, आणि तो टाळणं पूर्णपणे आपल्या हातात आहे.

लहानपणी आपण खेळता खेळता दोन बोटं तोंडाला लावून "टाइमप्लीज" म्हणायचो आणि सगळं थांबायचं. इथे टाइमप्लीज नाही. काच धुरकटली, घाम डोळ्यांत गेला, केस आले, काहीही झालं तरी मास्क वर करायचा नाही. खाली बसायचं, एक हात मास्कवर घट्ट धरायचा, दुसरा वर करायचा आणि मार्शलला हाक मारायची. तो डाव थांबवून तुम्हाला धरून जाळीबाहेर नेतो. मास्क काढायचा तो तिथे. हे सगळ्या १७ जणांना गाडीतच सांगा, मैदानावर गेल्यावर उत्साहात कोणी ऐकत नाही.

माझ्या शेवटच्या हंगामात घडलेलं सांगतो. काच धुरकट झाली म्हणून कॉलेजच्या एका मुलाने मास्क कपाळावर सरकवला. मी १५ पावलांवर होतो, शिट्टी तोंडात होती, वाजवलीसुद्धा. तोवर सुटलेली गोळी त्याच्या भुवईवर बसली. दोन टाके पडले. बोटभर खाली लागली असती तर काय, या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही. तिथले मास्क एकेरी काचेचे होते आणि ते बदलून घ्या म्हणून मी वर्षभर मागे लागलो होतो. ते बदलले गेले नाहीत. हंगाम संपला आणि मी ते काम सोडलं.

म्हणून फोनवर पहिला प्रश्न दराचा नको. "मास्कची काच दुहेरी आहे का?" हा विचारा. दुहेरी काचेत मधे हवेचा थर असतो, त्यामुळे आतली बाजू गार पडत नाही आणि वाफ कमी धरते. चष्मा लावणारे किती आहेत तेही सांगा, चष्म्यावर नीट बसणारे मास्क त्यांच्याकडे वेगळे असतात. मास्क कान आणि हनुवटीही झाकतो ना, पट्टा सैल नाही ना, हे तिथे गेल्यावर स्वतःच्या हाताने ओढून बघा. नुसता गॉगल देत असतील तर पैसे परत मागून गाडीत बसा. लाजू नका.

दुसरा प्रश्न : "वेग कशाने मोजता?" मोजण्याचं यंत्र असतं, त्याला क्रोनोग्राफ म्हणतात. प्रत्येक मार्कर त्यावर तपासायचा असतो (तुम्ही गन म्हणता, आम्ही मार्कर म्हणतो). हे विचारण्याचं कारण आमच्याकडच्या उन्हात आहे. बरीच मैदानं कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर मार्कर चालवतात. ऊन चढलं की आतला दाब वाढतो आणि सकाळी बरोबर असलेला मार्कर दुपारी जास्त वेगाने मारायला लागतो. दाबलेल्या हवेवरच्या मार्करमध्ये हा फरक बराच कमी. जे मैदान "दुपारी परत मोजतो" असं आपणहून सांगेल, तिथल्या माणसाला कामाची काळजी आहे असं समजा. सिलिंडर स्वतः फिरवून काढायला जाऊ नका, मुलांनाही हात लावू देऊ नका.

तिसरं, १७ जणांना मैदानाच्या आत दोन मार्शल हवेत. आणि मैदानाबाहेर पडताना प्रत्येक मार्करच्या नळीवर कापडी टोपी चढते का ते बघा. ही टोपी नसेल तर चहा पिताना कोणाच्या तरी हातून गोळी सुटते, आणि तेव्हा सगळ्यांचे मास्क टेबलावर असतात.

मनवासाठी : ०.५० इंचाची हलकी गोळी असते, वजन ३ ग्रॅमच्या निम्म्याहून कमी. मारही तेवढाच सौम्य. पण मनवाच्या हातात हलका मार्कर देऊन काय उपयोग, तिच्यावर गोळ्या येणार त्या इतरांच्या. घ्यायची तर सगळ्या १७ जणांसाठी ०.५० घ्या.

वहिनींना खरं ते सांगा. गोळीचं कवच जिलेटिनचं असतं, औषधाच्या मऊ कॅप्सूलसारखं, आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात. आतला रंग पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा, पाण्यात विरघळतो, तोंडात थेंब गेला तर थुंकून चूळ भरली की झालं. आधी न सांगता नेऊ नका. मैदानात कळलं तर त्यांचा सगळा दिवस खराब होईल.

आणि कुत्रं बरोबर आणणार असाल तर त्याला मैदानाच्या आसपास सोडू नका. खाली पडलेल्या गोळ्या गोड लागतात म्हणून कुत्री खातात. तो रंग आतड्यात पाणी ओढून घेतो, रक्तातलं सोडियम वाढतं आणि कुत्रं लडखडायला लागतं, झटके येतात. आमच्या वस्तीवरचं एक कुत्रं असंच गेलं. तेव्हापासून मी डाव संपला की आधी गोळ्या वेचायचो.

मामांचं : ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही. मास्क असला तरी नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारं कोणी असेल, कोणी गरोदर असेल, त्यांनीही आधी डॉक्टरांशी बोलायचं.

जानेवारी उत्तम. पावसाळ्यात जिलेटिन ओल धरतं, गोळी फुगते आणि नळीतच फुटते. मे महिन्यात ती मऊ पडते, अंगावर न फुटता आपटून उडते आणि जास्त लागते. तुम्ही सकाळी ९ची वेळ घ्या.

न्यू हॅम्पशायरहून वामन

दिनकरराव, तुमचं लिहिणं वाचून राहवलं नाही. मी अमेरिकेत, न्यू हॅम्पशायर राज्यातल्या नॅशुआला राहतो. हा खेळ जिथे पहिल्यांदा खेळला गेला ते हेनिकर गाव माझ्या घरापासून तासाभरावर आहे. २७ जून १९८१ ला तिथल्या जंगलात १२ जण उतरले. हातात नेल-स्पॉट ००७ नावाची पिस्तुलं. ती खेळासाठी बनवलेली नव्हती. जंगल खात्यातले लोक तोडायच्या झाडांवर आणि गुराखी आपल्या गुरांवर लांबून खूण करायला ती वापरत. तेव्हाचा रंग तेलाचा, अंगावरून काढायला टर्पेंटाइन लागायचं.

संघ नव्हते, प्रत्येक जण एकटा. जंगलात चार ठिकाणी झेंडे लावले होते, प्रत्येक ठिकाणचा एक घेऊन बाहेर पडायचं. जिंकला तो रिची व्हाइट, पेशाने वनपाल. त्याने अख्ख्या खेळात एकही गोळी मारली नाही. त्याला कोणी पाहिलंसुद्धा नाही.

सायली, मनवाला एवढी एक गोष्ट नक्की सांग.

सायलीची वही

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! काल चार ठिकाणी फोन केले. पहिल्या प्रश्नाला दोघांनी "मास्क चांगले आहेत मॅडम" एवढंच उत्तर दिलं. तिसऱ्यांनी दर कमी करायची तयारी दाखवली, मी काच विचारत होते. चौथ्या ठिकाणी फोन उचलणाऱ्या मुलाने "थांबा ताई" म्हणून मास्कचा आतून-बाहेरून फोटो पाठवला, आणि वर विचारलं, "चष्मेवाले किती?" ते ठरवलं. ०.५० त्यांच्याकडे आहे, सगळ्यांना तीच देणार. माणशी १०० गोळ्या, शिवाय ५०० सामायिक, असा हिशेब ठरवून घेतला.

वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "मी गोळी मारणार नाही, पण घरी बसणार नाही." म्हणजे काय करायचं ते मला कळेना.

मामांच्या डॉक्टरांनी स्पष्ट नाही सांगितलं. मामा "चालेल, मी चहा बघतो" म्हणाले. पण हे सगळं मी ज्यांच्यासाठी मांडलं, तेच जाळीबाहेर बसणार, हे मला फार लागलंय. काही सुचतं का?

दिनकर, मावळ

सुचतं. मामांना झेंडा लपवू द्या.

डाव सुरू होण्याआधी मैदान मोकळं असतं, सगळे मार्कर टोप्या घालून बाहेर ठेवलेले असतात. तेव्हा मामा मार्शलबरोबर आत जातील, सगळं फिरून बघतील, झेंडा ठेवतील आणि बाहेर येतील. बाकी १६ जण पाठ करून उभे. कुठे ठेवलाय ते फक्त त्यांना आणि मार्शलला माहीत. मग जाळीबाहेरून शिट्टी त्यांच्या हातात. किती मिनिटांचा डाव, कुठला संघ कुठल्या टोकाला, हेही त्यांनी ठरवायचं. मार्शलला आधी सांगून ठेवा, कोणी नाही म्हणणार नाही.

तुमच्या वहिनींना नाडीवैद्य करा. म्हणजे आमच्याकडे मेडिक म्हणतात तो गडी. त्यांच्या हातात मार्कर नाही. बाद झालेल्या गड्याने जागीच बसून हात वर करायचा, मेडिकने येऊन खांद्याला हात लावला की तो परत डावात. मेडिक बाद झाला की मग संघाला कोणी उठवणारं नाही. प्रत्येक संघात एक ठेवा. त्यांचा संघ त्यांना जिवापाड जपतो, आणि त्या नको असलेल्या वस्तूला हातही लावत नाहीत. अंगावर रंग येईल, तेवढं मात्र त्यांना विचारून घ्या.

संघ पाडताना नवरा-बायको वेगळे करू नका, पहिल्या डावात तरी. मनवाला संघातल्या सगळ्यांत शांत माणसाबरोबर ठेवा, सगळ्यांत दांडग्याबरोबर नको. पहिला डाव नुसता समोरासमोर, पाच मिनिटांचा. त्यात सगळ्यांना एकदा तरी लागून जाऊ दे. जोवर लागलेलं नसतं तोवर पोटात गोळा असतो, एकदा लागली की तो जातो. झेंड्याचा डाव दुसरा.

बाद कधी, यावरून फार भांडणं होतात. गोळी अंगावर फुटून रुपयाएवढा तरी रंग दिसला तर बाद. आपटून उडाली तर नाही. शेजारच्या पिंपावर फुटून शिंतोडे उडाले तरी नाही. शंका आली तर मार्शलला बोलवा, पुसू नका. उठवायला मेडिक नसेल तर बाद झालात की मार्कर डोक्यावर धरून सरळ बाहेर चालत जायचं, आणि अशा माणसावर कोणीही गोळी मारायची नाही. दहा-बारा फुटांच्या आत समोरचा सापडला तर मारायचं नाही, "सोड" म्हणायचं, त्याने हात वर करायचा.

आणि बोलत राहा. पिंपामागे बसलेल्याला एकच बाजू दिसते, दुसरी त्याच्या गड्याला दिसते. मी पाच हंगाम बघितलं, नेमबाज असलेले संघ हरायचे आणि एकमेकांना हाका मारणारे जिंकायचे.

कपडे त्याच रात्री थंड पाण्यात टाका. सुकू दिले तर पिवळा आणि गुलाबी रंग शिवणीत बसतो.

सायलीची वही

काल रात्री परत आलो. थोडक्यात लिहिते, अंग दुखतंय.

गाडीत सगळ्यांना मास्कचं तीन-तीनदा सांगितलं. तरी दुसऱ्या डावात आमच्या आतेभावाचा हात मास्कच्या पट्ट्याकडे गेला, आणि तीन पिंपांपलीकडून मनवाच ओरडली, "टाइमप्लीज नाही!" तो खाली बसला, मार्शल आला.

मनवाला पहिल्या डावात पोटरीवर लागली. डोळे भरून आले होते, मास्कमुळे पुसताही येईनात. मला वाटलं आता ती येत नाही. पाणी प्यायली, पोटरी चोळली आणि वामनकाकांचा वनपाल आठवला असावा, कारण मार्शलला विचारलं, "गोळी न मारता जिंकता येतं ना?"

वहिनींनी सात वेळा माणसं उठवली. त्यातली चार वेळा माझा नवरा.

झेंडा १८ मिनिटं कोणालाच सापडला नाही. दोन्ही संघ मैदानाच्या मधल्या मोडक्या जीपपाशी एकमेकांवर गोळ्या झाडत बसलो होतो, सगळ्यांना खात्री की तो जीपमध्येच आहे. मामा जाळीबाहेर घड्याळ धरून, एक शब्द बोलत नव्हते. मनवा एकटी मागे राहिली होती. ती आमच्याच सुरुवातीच्या रेषेपाशी परत गेली आणि आम्ही उभे होतो त्या टायरांच्या चळतीतून झेंडा काढला. सगळ्यांच्या पाठीमागे, दोन हातांवर.

आजोळी डबा फेकला की सगळी पोरं गोठ्याकडे, विहिरीकडे धावायची आणि मामा ज्याच्यावर राज्य असेल त्याच्याच पाठीमागे, दाराआड उभे राहायचे. आम्ही १५ जण हे विसरलो होतो. मनवाला कोणी सांगितलंच नव्हतं. तिला विचारलं तर म्हणाली, "आजोबा पुढे बघतच नव्हते, सारखे तुमच्या मागे बघत होते."

दिनकरदादा, पडलेल्या गोळ्या वेचल्या. दीड पिशवी भरल्या.